पद्मेवर पूल झाला, तरी वरुडचा संत्रा अडतो कुठे?

प्रश्न असा आला आहे: आमची वरुड तालुक्यात शेतकरी उत्पादक कंपनी आहे. सभासदांचे संत्र्याचे बगीचे आहेत. व्यापारी म्हणतो, बांगलादेशने शुल्क वाढवलं, भाव देता येत नाही. इकडे बातम्यांत दोन देशांमधले पूल, रेल्वे, करार यांची उद्घाटनं चाललेली असतात. मग आमच्या मालाला वाट का मिळत नाही? आणि आम्ही स्वतः माल पाठवायला घ्यावा का?

भाऊ, मी या पट्ट्यातला संत्रा सीमेपार पाठवण्याच्या कामात बरीच वर्षं आहे. कागदपत्रं, गाड्या, तिकडचे आयातदार, पैशांची वसुली, हे सगळं रोजच्या हातातलं आहे. म्हणून तुमच्या प्रश्नातला पहिला भाग मी आधी घेतो. तो नीट समजला तर दुसऱ्याचं उत्तर बरंचसं तुमचं तुम्हालाच मिळेल.

परदेशात माल जायला दोन गोष्टी मोकळ्या असाव्या लागतात: वाट आणि जकात. वाट म्हणजे रस्ता, पूल, रेल्वे, गोदाम, सीमेवरचं यार्ड. जकात म्हणजे आयात शुल्क आणि त्याला जोडून येणारे नियम. दोन देश एकत्र येऊन वाट बांधतात तेव्हा फोटो निघतात, आकडे जाहीर होतात. जकात मात्र तिथल्या महसूल खात्याच्या एका अधिसूचनेने एका रात्रीत बदलते, आणि त्या बदलाशी पूल बांधणाऱ्या खात्याचा काही संबंध नसतो. गेल्या काही वर्षांत आपल्या संत्र्याची वाट खरोखर सुधारली आणि त्याच काळात जकात दुपटी-चौपटीने वाढली. तुमच्या व्यापाऱ्याचं म्हणणं म्हणून खोटं नाही. ते अर्धं आहे एवढंच.

आधी वाटेबद्दल. आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्यात उतरणारा माल ऑक्टोबरपासून सुरू होतो. शेडवर धुऊन, मेणाचा लेप देऊन, आकाराप्रमाणे निवडून क्रेट भरले जातात. गाडी नागपूर, रायपूर, संबलपूर, खरगपूर करत कोलकात्याच्या पुढे बनगावला जाते. बाराशे किलोमीटरहून जास्त अंतर आहे, पण राष्ट्रीय महामार्गावर तो प्रवास आता दोन-तीन दिवसांचा आहे आणि त्यात फारसं अडत नाही. खरं अडतं ते बनगावला लागून असलेल्या पेट्रापोल सीमेवर. गाडी आधी पार्किंगमध्ये नंबर लावते, मग कस्टमचे कागद, मग चालकाचा कार पास, मग पलीकडे बेनापोलच्या यार्डात प्रवेश. तिथे आपली गाडी रिकामी करतात आणि तोच माल बांगलादेशी गाडीत भरतात. जागतिक बँकेने २०२१ मध्ये मांडलेल्या अभ्यासात पेट्रापोल-बेनापोल ओलांडायला १३८ तास लागतात असं म्हटलं होतं. त्यातले २८ तास नुसते माल या गाडीतून त्या गाडीत करण्यात जातात. एवढ्याच वाहतुकीच्या पूर्व आफ्रिकेतल्या सीमा सहा तासांच्या आत ओलांडल्या जातात, हेही त्याच अभ्यासात आहे.

लोखंडाच्या सळईला १३८ तासांनी काही होत नाही. आपल्या संत्र्याची साल सैल, फळ रसाळ. ताडपत्रीखालच्या उबेत ते देठाकडून सडायला लागतं. एक फळ सडलं की क्रेट जातो. बेनापोलच्या यार्डात क्रेट एका गाडीतून दुसऱ्या गाडीत फेकल्यासारखे जातात, त्यात तळाचा माल चेंगरतो. तिकडे आयातदार उतराईच्या वेळी तूट धरतो आणि ती तूट फिरून तुमच्या पट्टीत येते. तुम्हाला 'माल खराब निघाला' एवढंच कळतं. माल बगीच्यात खराब होता की सीमेवर झाला, हे कोणी लिहून देत नाही.

यावर उपाय सरकारांना माहीत नव्हता असं नाही. १५ जून २०१५ ला थिंपूमध्ये बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ यांनी मोटार वाहन करारावर सह्या केल्या. एका देशाचा मालट्रक दुसऱ्या देशात थेट जाऊ द्यायचा, हा त्याचा गाभा. तो अमलात आला असता तर वरुडला सील केलेली गाडी थेट ढाक्याच्या फळबाजारात उघडली गेली असती. भूतानच्या संसदेने त्याला मान्यता दिली नाही, बाकी तिघांनी आपल्यापुरतं पुढे जायचं ठरवलं, पण आपली गाडी आजही बेनापोलच्या यार्डातच रिकामी होते. संत्र्याच्या दृष्टीने माझ्या मते हा सगळ्यात मोठा अपुरा राहिलेला करार आहे. त्याची आठवण आपल्या भागातला कोणताही लोकप्रतिनिधी काढत नाही, कारण त्याचा संबंध आपल्या बगीच्याशी आहे हे कोणी त्यांच्यापुढे मांडलेलंच नाही.

वाटेतल्या इतर गोष्टी मात्र सुधारल्या, आणि ते मान्य केलं पाहिजे. पेट्रापोलची एकात्मिक तपासणी चौकी २०१६ मध्ये सुरू झाली. पुढे पश्चिम बंगाल सरकारच्या 'सुविधा' प्रणालीतून गाड्यांना ऑनलाइन वेळ मिळू लागली, त्यामुळे बनगावच्या खासगी पार्किंगमध्ये दिवसच्या दिवस उभं राहणं कमी झालं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट झाली ती पलीकडच्या बाजूला. बेनापोलहून ढाक्याला जाताना पद्मा नदी आडवी येते. पूर्वी ती फेरीबोटीने ओलांडावी लागे. हिवाळ्यात धुकं पडलं की फेरी बंद आणि घाटावर ट्रकांची रांग. आपला आंबिया बहार नेमका त्याच धुक्याच्या महिन्यांत जातो. २५ जून २०२२ ला पद्मेवरचा ६.१५ किलोमीटरचा पूल खुला झाला. जागतिक बँकेने २०१२ मध्ये कर्ज रद्द केल्यावर बांगलादेशने तो स्वतःच्या पैशाने बांधला, बांधकाम चिनी कंपनीने केलं. तो भारताने बांधला नव्हता, पण संत्र्याच्या गाडीला त्या पुलाने जेवढा वेळ दिला तेवढा दुसऱ्या कोणत्याही एका कामाने दिला नाही.

आता महिना बघा. पूल जून २०२२ मध्ये उघडला. त्याच्या एकच महिना आधी, मे २०२२ मध्ये, बांगलादेशच्या महसूल मंडळाने परदेशी फळांवरचं नियामक शुल्क ३ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर नेलं होतं. फळं, फुलं, सौंदर्यप्रसाधनं, फर्निचर अशा शेकडाभराहून जास्त वस्तू त्या यादीत होत्या. म्हणजे पुलामुळे जे पैसे वाचायचे होते ते पूल उघडायच्या आधीच तिथल्या तिजोरीत जमा व्हायला लागले होते.

शुल्काबद्दल आपल्याकडे बोलताना किलोमागे आकडा सांगतात. २०१९ च्या सुमारास २० रुपये, २०२३ मध्ये ८८ रुपये, त्यानंतर शंभरीच्या पुढे. हे आकडे समजायला सोपे आहेत, पण त्यांच्यामुळे एक गोष्ट झाकली जाते. बांगलादेशचं शुल्क किलोवर नाही, मूल्यावर आहे आणि ते थरांमध्ये आहे. २०२५ च्या सुरुवातीचं चित्र असं: मूळ सीमाशुल्क २५ टक्के. त्यावर नियामक शुल्क २० टक्के. मग पूरक शुल्क, ते २० टक्के होतं, जानेवारी २०२५ मध्ये ३० केलं. या सगळ्याची बेरीज करून त्यावर १५ टक्के मूल्यवर्धित कर. शिवाय आगाऊ आयकर वगैरे. थरावर थर चढत गेले की एकूण भार फळाच्या धरलेल्या किमतीपेक्षाही जास्त होतो.

आणि 'धरलेली किंमत' हा शब्द लक्षात ठेवा. आयातदाराने तुमच्याकडून कोणत्या भावाने घेतलं हे बघण्यापेक्षा तिथलं कस्टम बहुतेकदा आपलं ठरलेलं डॉलरमधलं मूल्य धरून कर लावतं. २०२२ च्या सुरुवातीला एका डॉलरला ८६ टका पडत होते, २०२४ च्या अखेरीस १२० च्या आसपास. म्हणजे शुल्काचा दर तसाच ठेवला तरी टक्यांत भरायचा कर तिसऱ्या हिश्शाहून अधिक वाढतो. आपल्याकडे दर हंगामात 'परत वाढवलं' असं ऐकू येतं, त्यातली काही वाढ दराची असते आणि काही नुसत्या चलनाच्या घसरणीची. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, म्हणून हा फरक तुमच्या संचालकांना माहीत असायला हवा.

त्यांनी असं का केलं? मुख्य कारण डॉलरची टंचाई. २०२१ मध्ये ४८ अब्ज डॉलरपर्यंत गेलेली त्यांची गंगाजळी पुढच्या दोन वर्षांत झपाट्याने ओसरली. इंधन, खत, कापूस यांना डॉलर ठेवायचे तर फळांसारख्या 'चैनीच्या' आयातीवर कर चढवायचा, हे कुठलंही सरकार करतं. बँकांनी लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे आयातदाराच्या पैशाची बँकेची हमी, उघडायला मोठी आगाऊ रक्कम मागायला सुरुवात केली, त्यामुळे छोटे आयातदार गळाले आणि मोठ्या मोजक्यांच्या हातात खरेदी गेली. ज्या बाजारात घेणारे कमी तिथे भाव कोण ठरवतो हे वरुडच्या माणसाला सांगायला नको.

दुसरं कारण आपल्या बाजूचं आहे, आणि ते स्पष्ट बोललं पाहिजे. सप्टेंबर २०१९ मध्ये भारताने कांद्याची निर्यात अचानक बंद केली. बांगलादेशात कांदा कडाडला. त्याच ऑक्टोबरमध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हा त्यांनी भर कार्यक्रमात सांगितलं होतं की निदान आधी कळवत जा, आम्ही दुसरीकडून सोय करू. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२० मध्ये, पुन्हा बंदी. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा. संत्र्यावरचं शुल्क हा कांद्याचा सूड होता असं मी म्हणणार नाही, त्यामागे डॉलरचं गणित पुरेसं होतं. पण आपण भरवशाचे पुरवठादार नाही हे आपणच तीनदा दाखवून दिल्यावर, 'आमच्या फळावरचा कर कमी करा' म्हणायला समोर बसलेल्या आपल्या अधिकाऱ्याच्या हातात काय उरतं? नाशिकच्या कांद्याचा निर्णय वरुडच्या संत्र्यापर्यंत असा पोचतो.

आता हा कर भरतो कोण, ते बघू. कागदावर बांगलादेशी आयातदार भरतो. समजा ढाक्याला त्याला किलोमागे आपल्या १८० रुपयांइतका भाव मिळतो. हा आकडा फक्त हिशेबासाठी घेतला आहे. त्यातून ८८ शुल्क गेलं. गाडीभाडं, सीमेवरचा खर्च, तूट आणि त्याचा नफा मिळून ५० गेले. उरले ४२. त्यातून शेडवरची मजुरी, लेप, क्रेट असे १२ काढले तर बगीच्यावर ३० रुपये पोचतात. तेच शुल्क ६३ असतं तर बगीच्यावर ५५ पोचले असते. शुल्क वाढलं म्हणून तो ढाक्याचा भाव २५ रुपयांनी का वाढवत नाही? कारण तिथल्या गिऱ्हाइकासमोर माल्टा (मोसंबीसारखं फळ) आहे, सफरचंद आहे, चीन-इजिप्तचा माल आहे, त्यांचा देशी पेरूही आहे. आणि तुमचं फळ झाडावर थांबत नाही. ज्याला थांबता येत नाही त्याच्या अंगावर कर येऊन बसतो, मग कागदावर नाव कोणाचंही असो.

याच कारणाने राज्य सरकारच्या अनुदानाबद्दल माझं मत फारसं अनुकूल नाही. २०२३ च्या अखेरीस सरकारने शुल्काच्या निम्मी भरपाई द्यायचं ठरवलं, किलोमागे ४४ रुपये, एकूण १७० कोटींच्या आसपास. हेतू चांगला होता. पण तोवर आंबियाचा बराचसा माल झाडावरून उतरला होता. अनुदान निर्यातदाराच्या नावावर आणि भाव पडला तो शेतकऱ्याचा, त्यामुळे पैसा निर्यातदाराकडून बगीच्यापर्यंत उतरेल याची कुठलीही दोरी त्यात बांधलेली नव्हती. शिवाय जागतिक व्यापार संघटनेच्या नैरोबी परिषदेत, डिसेंबर २०१५ मध्ये, शेतमालाच्या निर्यात अनुदानांवर बंदी ठरली आहे. विकसनशील देशांना वाहतूक आणि विपणनाच्या खर्चापुरती मोकळीक होती, तीही २०२३ च्या अखेरीस संपली. म्हणजे नेमक्या त्याच वेळी. दर हंगामात अशा अनुदानाच्या मागणीसाठी मोर्चा काढण्यात जी शक्ती जाते, ती शुल्क कमी करून घेण्याच्या मागणीत जावी असं मला मनापासून वाटतं.

आणि ते मागता येतं, कारण आपण रिकाम्या हाताने बसलेलो नव्हतो. भारताने २०१७ मध्ये एकट्या एका पतरेषेतून (ठरलेल्या मर्यादेपर्यंतच्या कर्जातून) बांगलादेशला ४.५ अब्ज डॉलर सवलतीच्या व्याजाने देऊ केले, त्याआधीच्या दोन वेगळ्या. रेल्वे, रस्ते, बंदरं, वीज यांसाठी. फेनी नदीवरचा मैत्री सेतू भारताने १३३ कोटी खर्चून बांधला, ९ मार्च २०२१ ला त्याचं उद्घाटन झालं. आगरतळा-अखौरा रेल्वेचं १ नोव्हेंबर २०२३ ला. या कामांमागे त्रिपुराला समुद्र जवळ आणण्याचा हेतू आहे आणि ते देशाच्या हिताचं आहे, त्यावर माझा आक्षेप नाही. माझं म्हणणं एवढंच की एवढ्या पायाभूत सहकार्याच्या वाटाघाटींत चार-पाच शेतमालांच्या शुल्काची ओळ बसवणं अवघड नव्हतं. भूतानकडे बघा. त्यांचा संत्रा पूर्वापार मुख्यतः बांगलादेशात विकला जातो. साडेसात-आठ लाख लोकवस्तीच्या त्या देशाने ६ डिसेंबर २०२० ला बांगलादेशशी प्राधान्य व्यापार करार केला आणि आपल्या ३४ वस्तूंना शुल्कमुक्त प्रवेश मिळवला. १ जुलै २०२२ पासून तो लागू आहे. आपण पूल देत होतो, ते यादी घेऊन बसले होते.

भारत-बांगलादेश सर्वंकष आर्थिक भागीदारी कराराचा संयुक्त अभ्यास २०२२ मध्ये पूर्ण झाला होता. तो पुढे सरकला असता तर संत्र्याची ओळ तिथेच घालायची होती. ५ ऑगस्ट २०२४ ला ढाक्यातलं सरकार कोसळलं आणि पुढे सगळंच बिनसलं. एप्रिल २०२५ मध्ये भारताने त्यांना दिलेली मालांतरणाची सोय (त्यांचा माल भारतातून तिसऱ्या देशात पाठवण्याची) काढून घेतली, त्याच महिन्यात त्यांनी जमिनीवरच्या बंदरांतून भारतीय सूत घेणं बंद केलं, १७ मे ला भारताने त्यांच्या तयार कपड्यांना जमिनीवरून येणं बंद करून फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता बंदरं ठेवली. सुताचा निर्णय यवतमाळ-अमरावतीच्या कापसालाही लागतो, कारण आपल्या सुताचं मोठं गिऱ्हाईक बांगलादेश आहे. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्कच काही महिन्यांसाठी उचललं. तो विषय स्वतंत्र आहे, इथे वाढवत नाही. पण तुमच्या सभासदांपैकी ज्यांच्याकडे संत्रा आणि कपाशी दोन्ही आहे, त्यांना या भांडणाचा फटका दोन्ही हातांनी बसला.

मग बांगलादेश सोडून द्यायचा का? नाही. आपल्या फळाचा सगळ्यात मोठा परदेशी बाजार तोच आहे आणि तसा राहील, कारण तिथल्या माणसाला आपली चव, आपली आंबट-गोड जात आवडते आणि सैल सालीचं, बियांचं फळ त्यांना चालतं. युरोपच्या दुकानाला ते चालत नाही, त्यांना बिनबियांचं, घट्ट सालीचं लागतं. दुबईची वाट उघडी आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये नागपुरी संत्र्याचा थंड कंटेनर वाशीहून दुबईला गेला होता, आणि १ मे २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीशी आपला व्यापार करारही लागू आहे. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाल्याने नागपूरहून न्हावा शेव्याच्या बाजूला थंड कंटेनर नेणं आता खूप सोपं झालं आहे. पण तिकडे जायचं तर काढणीनंतर काही तासांत फळ थंड व्हायला हवं, आणि तोडलेल्या क्षणापासून दुकानापर्यंत ती साखळी तुटता कामा नये. आपल्या बहुतेक शेडमध्ये लेप देण्याची यंत्रं आहेत, शीतगृह नाही. ते झाल्याशिवाय दुबईचं स्वप्न दाखवणाऱ्याच्या मागे जाऊ नका.

रेल्वेबद्दल मला जास्त आशा आहे. जुलै २०२० मध्ये, टाळेबंदीत रस्त्याची सीमा अडली असताना, आंध्रातल्या गुंटूर जिल्ह्याच्या रेड्डीपालेमहून वाळल्या मिरचीची १६ पार्सल डब्यांची गाडी थेट बेनापोलला गेली. ३८४ टन माल. रस्त्याने टनाला सुमारे ७,००० रुपये लागत, रेल्वेने ४,६०८ लागले. तिथल्या शेतकरी-व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन मालाचं वजन जुळवलं म्हणून ते जमलं. आपल्याकडे नरखेड-अमरावती मार्गावर वरुड ऑरेंज सिटी नावाचं स्थानक आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये नागपूरहून दिल्लीला संत्र्याची किसान रेलही धावली, भाड्यात ५० टक्के सवलत होती. सवलत गेली तसा उत्साह गेला. पण सवलतीशिवायही बेनापोलच्या गाडीचं गणित बसू शकतं, अट एकच: एका दिवशी एका फलाटावर तीन-साडेतीनशे टन एकाच प्रतीचा माल उभा करता आला पाहिजे. एका कंपनीचं ते काम नाही. वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या कंपन्या मिळून करू शकतात. उमरखेड आणि ढिवरवाडीच्या सिट्रस इस्टेटनी (संत्रा उत्पादकांसाठीच्या सरकारी केंद्रांनी) हात घालावा असं हेच काम आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. स्वतः निर्यात करायचा परवाना, म्हणजे आयात-निर्यात कोड, ५०० रुपयांत ऑनलाइन मिळतो. तो काढून ठेवा. अपेडाची, म्हणजे शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेची, नोंदणी करा. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र नागपुरात मिळतं. कागद ही अडचण नाही, तुमच्यातला कोणी शिकलेला मुलगा एका हंगामात ते शिकेल. मालाचा कोड मात्र नीट बघा: आपला संत्रा मँडरिन गटात, ०८०५२१ खाली जातो, ०८०५१० हा दुसऱ्या जातीचा कोड आहे आणि चुकीच्या कोडवर पलीकडे गाडी अडते. खरी जोखीम पैशाची आहे. आयातदार ओळखीचा नसेल तर लेटर ऑफ क्रेडिटशिवाय एक क्रेटही हलवू नका, आणि ईसीजीसीचा, म्हणजे निर्यातीच्या बुडीत पैशांची हमी देणाऱ्या सरकारी कंपनीचा, विमा घ्या. 'माल पोचला की आठवड्यात पैसे' या बोलीवर गेलेल्या गाड्यांचे पैसे दोन-दोन हंगाम अडकलेले मी पाहिले आहेत, आणि परदेशात वसुलीला जायला शेतकरी कंपनीकडे ना वेळ असतो ना वकील.

म्हणून पहिलं वर्ष स्वतःच्या नावावर पाठवू नका. तुमच्या भागातल्या निर्यातदारालाच माल द्या, पण अटी बदला. बगीचा हुंडीने (सगळा उक्ता) किंवा हजारी भावाने (हजार फळांच्या हिशेबाने) देऊ नका, शेडवर वजन करून किलोने द्या. चुरी, म्हणजे बारीक फळ, वेगळी, मोठा माल वेगळा. व्यवहारात लिहून घ्या की तुमच्या गाड्यांच्या बांगलादेशातल्या कस्टम बिलाची प्रत तुम्हाला मिळेल. त्या एका कागदावर धरलेलं मूल्य, लागलेला दर आणि भरलेलं शुल्क तिन्ही असतात. निर्यातदार कुरकुर करेल, पण चांगला माल एकगठ्ठा मिळत असेल तर देतो. पाच-सहा गाड्यांच्या प्रती हातात आल्या की 'शुल्क वाढलं' या वाक्यात किती तथ्य आहे ते तुम्ही स्वतः मोजू शकाल. आणि खासदारांकडे किंवा वाणिज्य मंत्रालयाकडे निवेदन घेऊन जाल तेव्हा त्याला त्या प्रती जोडा. दिल्लीत अशा कागदाला वजन असतं. नुसत्या 'शुल्क रद्द करा' या ओळीला नसतं. मागणी तीन ठिकाणी नेमकी ठेवा: ०८०५२१ वरचं नियामक आणि पूरक शुल्क, पेट्रापोलला नाशवंत मालाच्या गाड्यांना वेगळी रांग, आणि सील केलेल्या गाडीला थेट ढाक्यापर्यंत जाऊ देणं. तिसरं लगेच होणार नाही. दुसरं दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांच्या बैठकीतही होऊ शकतं, त्याला संसद लागत नाही.

एक शेवटची व्यवहाराची गोष्ट, जी या भागात फार कमी लोक धरून चालतात. बांगलादेशात फळांची मागणी रमझानमध्ये सगळ्यात जास्त असते, इफ्तारला फळ लागतंच. २०२६ चा रमझान फेब्रुवारीच्या मध्यानंतर सुरू होतो, २०२७ चा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, २०२८ चा जानेवारीच्या अखेरीस. दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो. म्हणजे पुढची दोन-तीन वर्षं तो आपल्या मृग बहाराच्या (आंबियानंतर उतरणाऱ्या पिकाच्या) सुरुवातीच्या मालाशी जुळतो, आणि त्यानंतर आंबियाच्या उशिराच्या मालाकडे येतो. आपल्याकडे मृगाचा माल दिल्लीकडे जास्त जातो, तिथे त्याला किन्नूशी (पंजाबकडच्या संत्र्याशी) झुंजावं लागतं. पाणी असलेल्या ज्या सभासदांना मृग धरता येतो त्यांची यादी आताच करा, त्यांच्या मालाची तोडणी रमझानच्या आधीच्या दहा दिवसांत किती येऊ शकते ते काढा, आणि तो आकडा घेऊन निर्यातदाराशी बोलणी डिसेंबरमध्येच करा. जानेवारीत गेलात तर त्याची खरेदी ठरून गेलेली असते.